रेघेबाहेरची मेढ

ठाण्याचा रस्ता रुंद झाल्याचं कौतुक माझ्यासमोर कुणी करू नये. माझ्या लग्नाचा मांडव जिथे घालायचा होता, ती जागा त्या डांबराखाली आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. राहनाळला आमचं घर रस्त्याला लागूनच, पुढे सारवलेलं अंगण. भिवंडीच्या कापडाच्या गाठी भरलेले ट्रक दिवसभर धडधडत जायचे, त्यांना रस्ता पुरेना. मग नाक्यावर स्टेज बांधलं. हार घातलेल्या पुढाऱ्यानं नारळ फोडला आणि म्हणाला, "आज आपण प्रगतीची मुहूर्तमेढ रोवतो आहोत." बाबांनी टाळ्या वाजवल्या. भोळेपणालाही काही हद्द असते.

मग ओव्हरसियर आला आणि आमच्या अंगणातून फक्कीची पांढरी रेघ मारून गेला. रेघेपुढचं सगळं रस्त्याचं. बाबांनी हात जोडले. "साहेब, पोरीचं लगीन हाय. तेवढं होऊ द्या."

"उरकून घ्या हो. आम्ही कुठे पळून चाललोय?" साहेब म्हणाले. त्या शब्दावर आम्ही विसंबलो.

मांडवाचा पहिला खांब, खरीखुरी मुहूर्तमेढ, आम्ही अंगणात रोवली. खड्ड्यात सुपारी-हळकुंड, वर आंब्याचा टहाळा, बायकांची गाणी. एकदा रोवली की लग्न लागेपर्यंत तिला हलवत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच मजूर कुदळी घेऊन हजर. मेढ रेघेच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला होती. मजुरांनी ती पाहिली आणि कुदळी खाली ठेवल्या. "मांडवाची हाय. आमी हात लावनार न्हाय." तेव्हा साहेबांनी स्वतः बाह्या सरसावल्या, मेढ गदागदा हलवून उपटली आणि भिंतीला नीट टेकवून ठेवली. "मोडली नाही बघा. मागे लावा. लाकूडच तर आहे." त्या मेल्याच्या घरी कधी लग्नकार्य झालंच नसेल का?

आईच्या जिवाचं पाणी पाणी झालं. नवऱ्याकडच्यांना कळलं तर अपशकून म्हणून लग्न मोडायचे. कुणी ब्र काढायचा नाही, असा तिनं घरादाराला दम भरला. मेढ पुन्हा रोवली ती मागे, उकिरड्याशेजारी. अंगण खणून मजूर केव्हाच दुसरीकडे गेले होते. पुढे दोन पावसाळे त्या चरात बेडूक ओरडले. एवढ्यासाठी चार दिवस काम थांबवलं नाही. माझं वऱ्हाड चरावर टाकलेल्या फळीवरून तोल सावरत आलं, आणि शेणाच्या वासात माझं लग्न लागलं.

अक्षता पडल्या, पंगत बसली आणि साहेब आले, न बोलावता. बाबांनी त्यांना हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं. माझं टाळकंच सरकलं. मुंडावळ्यांसकट तशीच उठले आणि बाबांना गोठ्याआड गाठलं.

"बाबा, त्याला कशाला जेवाला घालतोस?"

"दारात आलेला मानूस उपाशी धाडू नये, पोरी."

"दार ठेवलंय कुठं त्यानं?"

बाबांनी पंगतीकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "अंगन गेलं. घर अजून हाय. रेघ त्याच्याच हातात हाय."

आणि वड्यांची परात उचलून ते साहेबांच्या पानाकडे गेले.