सुखनिवासमधलं हरवलेलं झाकण

लकडी पूल ओलांडला तेव्हा नम्रताच्या चपलेचा अंगठा तुटायच्या बेतात आला होता. चंद्रभागा मात्र दहा पावलं पुढेच, पदर खोचून, झपाझप.

"अगं, जरा दमानं! धोंडिबा काही पळून चाललेला नाही."

"धोंडिबा न्हाई पळत वहिनी, दिवस पळतोय. दिवे लागायच्या आत परत पोचायचंय."

रिक्षांचा बंद होता आणि बसच्या दाराला माणसं लोंबकळत होती, म्हणून दोघी कर्वेनगरातून कसबा पेठेपर्यंत चालतच निघाल्या होत्या.

झालं होतं असं, की तीन दिवस सुखनिवास सोसायटीचं सांडपाणी तुंबलं होतं. नम्रताचं घर तळमजल्यावर. वर कुणी फ्लश ओढला की हिच्या संडासात गुडगुड सुरू, जणू आत बसून कुणी हुक्काच ओढतंय. तिसऱ्या दिवशी तर पाणी वर चढून काठाशी आलं. चेंबर तुंबलाय हे शेंबड्या पोरालाही कळत होतं, पण चेंबर होता कुठे? गेल्या वर्षी दोन घरांतली मुलं कॉम्प्युटरच्या कंपन्यांत लागली, दारात दोन गाड्या आल्या आणि गाड्यांच्या मानानं पार्किंगला गुळगुळीत फरशी आली. त्या फरशीखाली झाकणं गडप झाली. दोन प्लंबर आले, डोकं खाजवून गेले.

मग सेक्रेटरी शरच्चंद्र परचुऱ्यांनी जिन्याखालच्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहिलं: 'चंद्रभागाबाई मोरीत खरकटे टाकतात, त्यामुळे सोसायटीस हे सुगंधी दिवस आले आहेत. उद्यापासून त्यांना प्रवेश नाही.'

चंद्रभागा त्या इमारतीत नम्रताचं धरून चार घरची केर-भांडी करायची. तिशी उलटल्यावर साक्षरतेच्या वर्गात ती अक्षरं शिकली होती. तिनं ती पाटी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचली, रडली नाही, तडक वर गेली आणि परचुऱ्यांची बेल वाजवली.

"साहेब, झाकण कुठंय ते मला ठावं हाय. फरशी फोडा. आत खरकटं निघालं तर ह्या दारात पुन्हा पाय ठेवणार न्हाई."

"बाई, फरशी चौरस फुटाच्या भावानं बसवलीय, अंदाजाच्या भावानं नाही. बांधणारा मिस्त्री आणा, तो सांगेल तिथे फोडू. संध्याकाळपर्यंत."

चार घरं गेली तर दुसरी मिळाली असती. पण खरकटं टाकणारी म्हणून नाव झालं की दुसऱ्या घराचंही दार उघडत नाही. म्हणून ही धोंडिबा मिस्त्रीकडे पायपीट.

"तुला इतकं नक्की कसं गं आठवतं?" लक्ष्मी रोडच्या गर्दीतून वाट काढत नम्रतानं विचारलं.

"आठवायला कशाला लागतंय? त्या बिल्डिंगच्या विटा माझ्या डोक्यावरून वर गेल्यात. बीडकडून आलो तेव्हा पूर्वा तीन महिन्यांची. जिन्याच्या खांबाला आणि सेंट्रिंगच्या बांबूला झोळी बांधायची. भर उन्हात सावली तेवढीच. झोळीला लागून चेंबरचं झाकण. त्याच्यावर बसून मी भाकर खायची आणि पायानं झोका द्यायची. लेक जिथं निजवली ती जागा आई विसरंल व्हय?"

ती पूर्वा आता कॉम्प्युटरच्या कोर्सला जात होती. नम्रता वीस वर्षं त्याच जागेवरून ये-जा करत होती. आपल्या पायाखाली कुणाचा पाळणा होता, हे तिला आज कळत होतं.

कसबा गणपतीपाशी नम्रता थांबली. चंद्रभागा बौद्ध, देवळात जायची नाही. "जावा तुम्ही, मी चपला बघते. तुटक्या असल्या तरी पुण्यात चपलेचा भरवसा न्हाई." नम्रतानं हात जोडले. बाप्पा, खरं काय ते बाहेर येऊ दे, आणि हिचं नाव राख. एवढंच मागितलं.

धोंडिबा मिस्त्री बोळातल्या खोलीत गुडघ्यांना तेल चोळत बसला होता. चंद्रभागाला बघताच ओरडला, "अगं, झोळीवाली!"

"तुमची सही पाहिजे मिस्त्री. न्यायला आले होते, पण रिक्षा न्हाईत."

"गुडघे तर त्याच्याआधीपासून संपावर हायत." म्हाताऱ्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि वहीचा कागद फाडून लिहिलं, 'चंद्रभागा सांगेल तीच जागा. मी मिस्त्री असून विसरलो, ती विसरली नाही. धोंडिबा.' मग कोपऱ्यातली हातोडी तिच्या हातात दिली. "ठोकून बघ. झाकणाचा आवाज पोकळ येतोय."

परतीच्या वाटेवर नम्रताची चप्पल तुटलीच. ती हातात घेऊन अनवाणी चालत ती सुखनिवासच्या फाटकात शिरली तेव्हा सूर्य मावळतीला टेकला होता आणि सगळी सोसायटी खाली जमली होती. परचुऱ्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "हस्ताक्षर मिस्त्रीचंच असणार. ओळीसुद्धा तिरक्या बांधल्यात."

चंद्रभागा जिन्याच्या खांबाला पाठ लावून उभी राहिली. डोळे मिटून चार पावलं टाकली, उकिडवी बसली, ठोकलं. टण. वीतभर सरकली. टण. कुणीतरी खाकरलं. आणखी वीतभर. डब!

"हितं."

फरशी फुटली आणि खाली गंजलेलं लोखंडी झाकण! पोरांनी टाळ्या पिटल्या. परचुऱ्यांनी पहारीनं झाकण उचललं, आत काठोकाठ पाणी.

"घाला बांबू," ते चंद्रभागाला म्हणाले.

"मी झाकण दाखवलं साहेब. बांबू तुम्ही घाला."

गर्दीत हशा पिकला. परचुऱ्यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. दोन ढोसे, तीन ढोसे, आणि भस्सकन पाणी खाली गेलं! नम्रताच्या घरातून शेवटची एक लांबलचक गुडगुड ऐकू आली आणि संडास गप्प झाला. परचुऱ्यांच्या बांबूच्या टोकाला खरकटं नव्हतं. नारळाएवढा पांढरट, घट्ट गोळा होता.

"सिमेंट!" परचुरे म्हणाले. "बिल्डरची कृपा. चला, विषय संपला."

पण नम्रताला त्या गोळ्यात गुलाबी मणी दिसले. मुकुटाला तिनंच ओवून बांधलेले. दोन वर्षं ती शाडूचा गणपती घरीच बादलीत विसर्जित करत होती. एक बादली तुळशीला घालायची, उरलेली मागच्या अंगणातल्या जाळीत ओतायची. जाळीतून पावसाचं पाणी नाल्याला जातं आणि नाला नदीला मिळतो, म्हणजे विसर्जन नदीतच झालं, असा तिचा भाबडा हिशेब. ती जाळी ह्याच चेंबरला जोडलेली असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

चंद्रभागानंही मणी पाहिले होते. मखराभोवतीचा केर तीच तर काढायची. ती नुसती नम्रताकडे बघत राहिली.

खरं बाहेर येऊ दे, असं मागितलं कुणी होतं?

"परचुरे, ते सिमेंट नाही," नम्रता म्हणाली. "आमच्या गणपतीची माती आहे. मी ओतली. चंद्रभागाचा काडीचा संबंध नाही."

परचुरे जिन्याखाली गेले आणि ओल्या फडक्यानं फळा पुसू लागले.

"थांबा साहेब, फडकं ठेवा," चंद्रभागा म्हणाली. "पुसलं की झालं व्हय? ज्यांनी वाचलं त्यांच्या डोक्यातनं कसं पुसणार?" तिनं फळ्याच्या कडेवरचा खडू उचलला आणि नम्रतापुढे धरला.

"वहिनी, तुमचं अक्षर मोत्यासारखं हाय. आज काय निघालं ते तुम्ही लिहा. तुमचं नाव घाला न्हाईतर नका घालू, पण माझं पुरं घाला, चंद्रभागा भीमराव सरवदे. आणि जरा सुटं सुटं लिहा. मला उद्या सकाळी कामाला आल्यावर, बोट न ठेवता वाचायचंय."