चित्रं कापणारी आत्या

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुरूडच्या शाळेत आठवीच्या वर्गाला होडीचं चित्र शिकवत होतो. फोन आतेभाऊ सुनीलचा. "दादा, आई गेली... झोपेतच," एवढंच तो बोलू शकला. आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत मी कठड्याला धरून उभा राहिलो, आणि रडू येण्याऐवजी हसूच आलं. हाताला रंगीत खडू तसाच लागलेला होता. तो बघून आत्यानं हमखास म्हटलं असतं, "आलास का चिताऱ्या?" माझ्या धंद्याला तिनं आयुष्यभर एवढाच मान दिला.

पारूआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आजोबांनी धम्म स्वीकारला, पोरांना शाळेत घालायचं ठरवलं, पण घरात धाकट्यांना सांभाळायला कुणीतरी हवं होतं. ते काम थोरलीकडे आलं. पुढे लग्न होऊन ती श्रीवर्धनजवळच्या गावात गेली आणि लोकांच्या नारळी-पोफळीच्या वाडीत सुपाऱ्या सोलू लागली. भाऊ मास्तर झाला, याचा तिला कोण अभिमान! पण पावसाळ्यात, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन सुरू झालं की वाचणारे पुढे आणि ही मागे, बायकांच्या रांगेत. ते तिला सलायचं. "मरायच्या आधी एकदा तरी तिथं बसून वाचनार," असं ती म्हणायची, आणि आम्ही "हो हो" करायचो.

नातवंडं झाल्यावर तिच्या गावात साक्षरतेचा वर्ग निघाला. भिंतीवर तक्ता होता. आंब्याचं चित्र, शेजारी 'आंबा'. बदकाचं चित्र, शेजारी 'बदक'. आत्यानं पहिल्याच आठवड्यात सगळा तक्ता धडाधड म्हणून दाखवला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. दुसरं कुणी असतं तर पेढे वाटले असते. आत्या मात्र तोंड पाडून घरी आली आणि मला बोलावून घेतलं.

"अरे, मला काय येत न्हाय. मी चित्र बघून बोलले. ते झाकलं की पुढं आंधार."

"आत्या, सुरुवात अशीच असते. चित्रावरनं अक्षर ओळखीचं होतं."

"मतदानाला गेले तरी चित्रावरच बोट ठेवायचं. जन्मभर चित्रंच वाचली मी. आता नाव वाचाय शिकीव."

मी ऐकतोय थोडाच! माझं पोटच चित्रांवर. सुट्टीत बसून मी तिच्यासाठी पुठ्ठ्याची सुंदर कार्डं केली. नारळ, होडी, पापलेट, सगळं तिच्या रोजच्या बघण्यातलं, जलरंगात. पापलेटाच्या अंगावरची चकाकी तर अशी उतरली होती की माझं मलाच कौतुक वाटत होतं. आत्यानं कार्डं एकेक करून बघितली, "झ्याक हायत" म्हणाली, आणि विळी पुढे ओढून बसली. कार्ड धरायचं, मधोमध कापायचं. चित्राचा तुकडा एकीकडे, शब्दाचा दुसरीकडे. माझ्या डोळ्यांदेखत पापलेट विळीवर गेलं! चित्रांचा ढीग तिनं नातवंडांपुढे सारला, "घ्या रं, खेळा," आणि नुसत्या शब्दांची चळत मांडीवर घेतली. "नारळ दारात हाय माझ्या. त्याचं चित्र काय करू?" मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही.

पुढची दोन वर्षं ती त्या चळतीशी झटली. सुपाऱ्या सोलून बोटं काळी झालेली, चष्मा नाकावरून घसरलेला, आणि ओठांवर एकच शब्द दहादा. मग जोडाक्षरं. जोडाक्षरांना ती शिव्या घालायची. 'म्ह' आणि 'ह्म' यांच्याशी तर तिचं उभं वैर होतं.

शेवटी विहारात तिनं वाचायचं ठरलं. मंडळींनी सुचवलं, "आत्या, वंदना वाचा, ती तुम्हाला सोपी जाईल." आत्या म्हणाली, "ती मला पाठ हाय. पाठ हाय ते वाचाय डोळं कशाला लागतात? ग्रंथाचं पुढचं पान द्या, कुनी ऐकवलं न्हाय ते." पाठांतर हेसुद्धा तिच्या लेखी चित्रच होतं, हे मला तेव्हा कळलं.

ती बसली. बोट ओळीखाली. एक शब्द... थांबली. दुसरा शब्द... पुन्हा थांबली. पहिल्या वाक्याला इतका वेळ लागला की मागच्या पोरांत चुळबुळ सुरू झाली. एकजण चांगल्या मनानंच म्हणाला, "आत्या, मी वाचू का पुढं?" आत्यानं बोट ओळीवरून न हलवता मान वर केली. "तुला घाई असंल तर जा बाबा घरी. हे पान माझं हाय." ती पुन्हा वाचू लागली आणि पान संपवूनच उठली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही. त्यानंतर दर वर्षावासात तिची पाळी असायची आणि तिनं ती कधी चुकवली नाही.

मी अजून मुलांना चित्रांतूनच शिकवतो. त्यात मला काही वावगं वाटत नाही, आणि आत्या असती तर आजही आमचं कडाक्याचं भांडण झालं असतं. पण आपल्याला काय येत नाही हे टाळ्या पडत असताना ओळखणारी बाई आमच्या घरातली होती, हे मी छाती फुगवून सांगतो.

यंदाची तिची पाळी यायच्या आधीच ती गेली. विहारात तिच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्या संध्याकाळी मंडळी म्हणाली, "सर, आत्याचं पान तुम्ही वाचा." मी तिच्या जागेवर बसलो आणि वाचू लागलो. रडू फुटेल या भीतीनं भरभर वाचत गेलो. अर्धं पान झालं असेल, तोच बायकांच्या रांगेतून कमळाकाकूंनी हात वर केला. त्या आत्याबरोबर वाडीत सुपाऱ्या सोलायच्या. त्यांना वाचता येत नाही.

"सर, राग मानू नका. जरा दमानं. पारू वाचायची तवा आमाला समजायचं."

बाकीच्या बायकांनीही माना हलवल्या. मी पान पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं, एकेका शब्दावर थांबत. त्या संध्याकाळी एकच पान झालं. कुणीही उठून गेलं नाही.