बुडाचा दाणा

लातूर-नांदेडच्या पट्ट्यात पोत्याच्या वरच्या दाण्यावर अजिबात विश्वास न ठेवणारा एकच माणूस उरला असेल, तर तो म्हणजे माझ्या जाऊबाईंचे वडील. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो. लातूरच्या आडत बाजारात चाळीस वर्षं तूर आणि सोयाबीन पारखण्यात घालवून ते घरी बसले. दुकान मुलाकडे गेलं, गादी गेली, तराजू गेला. पण एक वस्तू त्यांनी कुणाला दिली नाही. ती म्हणजे पोतं न उसवता आतला नमुना काढायची टोकदार लोखंडी नळी. वीतभर लांब, वापरून वापरून चांदीसारखी झालेली. ती पोत्यात खुपसायची, आतला माल घरंगळत तळहातावर येतो, मग बोलायचं. तोपर्यंत शेतकरी काय म्हणतो, दलाल काय म्हणतो, सगळं वारा. माल पसंत पडला की नळी पुसून रुमालात गुंडाळायची, गाठ मारायची आणि खिशात टाकायची. नापसंत असला तर नळी हातातच राहते आणि अप्पा म्हणतात, "साकु." ते मूळचे निलंग्याकडचे, घरात अर्धी कानडी. साकु म्हणजे पुरे. या एका शब्दावर बाजारातले कितीतरी सौदे मोडलेले आहेत.

बाजार सुटला तरी सवय सुटली नाही. वर्तमानपत्र ते पाचव्या पानापासून वाचतात; पहिलं पान दाखवायसाठी असतं असं त्यांचं मत आहे. साडीच्या दुकानात गठ्ठ्यातली सगळ्यात खालची साडी काढायला लावतात आणि गठ्ठा कोसळला की नोकराबरोबर घड्या घालायला बसतात. नवीन डॉक्टरकडे गेले की आधी बाहेर कंपाउंडरला विचारतात, "दुसऱ्यांदा किती पेशंट येतेत?" पुतण्यासाठी औशाची मुलगी बघायला गेले, तेव्हा बैठकीतले पोहे न खाता थेट मागच्या दारी जाऊन शेजारणीशी बोलत बसले. ते लग्न ठरलं आणि टिकलंही. निलंग्यात मात्र एका लग्नात त्यांनी स्वयंपाकाच्या मंडपात जाऊन तांदळाच्या पोत्यात नळी खुपसली आणि वरपित्याला सांगितलं, "वर बासमती हाय, खाली दुसराच हाय." वरपिता दोन वर्षं बोलत नव्हता. पण तांदूळवाला बदलला.

खिशात ही असली नळी घेऊन ते एसटीने फिरतात. एकदा शेजारचा प्रवासी ती बघून उठला आणि ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभा राहिला. अप्पांना वाटलं, आपल्याला ऐसपैस बसता यावं म्हणून उठला. त्यांनी नांदेडला उतरताना त्याचे आभार मानले.

हा माणूस माझ्या मुलीची शाळा निवडेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. मी नांदेडमध्ये विष्णुपुरीकडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. गोष्टी रकान्यात मांडल्या की सुटतात, असा माझा अनुभव आहे. माझी मुक्ता चौथीत असताना लंगडायला लागली. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, खुब्याच्या हाडाला रक्त कमी पोचतंय, वयाबरोबर भरून येईल, पण दीड वर्ष पायावर भार टाकायचा नाही. तिच्या शाळेने सहानुभूतीने सांगितलं, "वर्ष जाऊ द्या." मला ते मान्य नव्हतं. मुक्ता मुळात गणितात चाचपडणारी. दीड वर्ष खाटेवर पडून राहिली तर ती पायाने बरी होऊन उठेल आणि शाळेत मात्र कायमची मागच्या बाकावर बसेल, ही माझी भीती होती. म्हणून ऑनलाइन शाळा. नवऱ्याने नेहमीप्रमाणे "तू ठरव" म्हणून मोठं मन दाखवलं.

मी अकरा रकान्यांचा तक्ता केला. मंडळाची मान्यता, फी, तास, माध्यम, वर्गातली मुलं, परीक्षा, सगळं. चौदा शाळा घेतल्या, त्यातल्या तीन ठेवल्या. पहिल्या क्रमांकाची शाळा अशी देखणी होती की बघत राहावं. पडद्यावर ग्रह फिरत होते, मुक्ता त्यांना बोटाने ढकलत होती, शिकवणारी मुलगी दर वाक्याला "सुपर" म्हणत होती. शनिवारी प्रवेश घ्यायचा ठरलं.

शुक्रवारी अप्पा आले. जाऊबाई, म्हणजे आमच्या अक्का, वरच्या मजल्यावर राहतात. अप्पा लेकीकडे आले की आधी खाली मुक्ताच्या खाटेशी बसतात. त्यांनी तक्ता हातात घेतला, चष्मा वर-खाली केला.

"बाई, मेहनत लई केली. पण हे समदं त्यांनीच सांगितलेलं हाय की."

"मग कोण सांगणार, अप्पा?"

"माल सांगतो. लावा फोन."

मी फोन लावला. त्या शाळेचा सल्लागार टाय लावून पडद्यावर आला. अप्पांनी कपाळावरचं भस्म ठीक केलं आणि लिंगायती रीतीने नमस्कार केला. "शरणार्थ." तो क्षणभर गोंधळला आणि "थँक यू, सर" म्हणाला. मग त्याने आपल्या शाळेतल्या हुशार मुलांचे फोटो दाखवले. कुणी ऑलिंपियाडमध्ये पहिला, कुणी रोबो केलेला. अप्पांनी सगळे फोटो शांतपणे बघितले.

"हे झालं वरचं. आता तुमचं सगळ्यात कच्चं लेकरू दाखवा."

"सॉरी, सर?"

"ज्याला काहीच जमना गेलंय, असं. त्याचं काय करून राहिले तुम्ही, ते सांगा."

"सर, आमच्याकडे कच्चं मूल कुणीच नाही."

"एकबी न्हाई?"

"एकही नाही, सर."

अप्पा माझ्याकडे वळले. नळी खिशातून कधी हातात आली होती, मला कळलं नव्हतं. "पोत्यात खडाच न्हाई म्हणणाऱ्याचा माल मी कधी घेतला न्हाई. साकु."

मी चिडले. तीन आठवड्यांचं माझं काम एका शब्दात गेलं होतं. मी त्यांना सांगितलं की ही तूर नाही, शाळा आहे. "हाव," ते मान डोलावून म्हणाले, "तूर परत करता येती."

दुसऱ्या शाळेने प्रत्यक्ष वर्गात बसू दिलं. एक बाई फार सुंदर आवाजात अपूर्णांक शिकवत होत्या. मध्येच अप्पांनी हात वर केला. आम्ही बघत राहिलो. बाई शिकवत राहिल्या. अप्पांनी हात खाली घेतला नाही, वडीलधाऱ्या माणसाने विचारलं नसतं इतक्या नम्रपणे विचारलं, "बाई, ते मघाचं पुन्हा एकदा सांगता का?" बाई हसून पुढच्या उदाहरणाकडे गेल्या. मुक्ता पांघरुणात तोंड खुपसून हसत होती. शेवटी ती म्हणाली, "अप्पा, त्या खऱ्या नाहीत. आधीच शूटिंग करून ठेवलंय."

"म्हणजे बाई ऐकत न्हाईत?"

"नाही."

"मग पोरगी अडली तर कुणाला विचारंल?"

माझ्या अकरा रकान्यांत हा रकाना नव्हता. मी तो पेनने बारावा काढला. चूक कळली की दुरुस्त करायची, त्यात लाजायचं काय.

तिसरी शाळा मी जवळजवळ खोडलीच होती. सहा-सात शिक्षकांनी मिळून चालवलेली, ग्रह नाहीत, रोबो नाहीत. पडद्यावर ज्या बाई आल्या त्यांच्या डोक्यावर पंखा कुरकुरत होता आणि मागे दोरीवर टॉवेल वाळत होता. अप्पांनी तोच प्रश्न विचारला. बाईंनी जरा विचार केला.

"आहेत ना. चौथीच्या सतरा मुलांत तिघांना भागाकार येत नाही. एकाला तर पाढेच येत नाहीत. नावं सांगणार नाही मी."

"नावं नकोतच. काय करता त्यांचं?"

"संध्याकाळी अर्धा तास त्यांना वेगळं घेते. दोघांचं जमत आलंय. तिसऱ्याचं अजून मलाच कळलेलं नाही, तो कुठं अडतो ते."

अप्पा खुर्चीत पुढे सरकले. बाईंनी मग मुक्ताशी बोलायचंय म्हणून सांगितलं. मुक्ता आडवीच होती, त्यामुळे पडद्यावर उलटीसुलटी दिसत असणार. बाईंनी आपली मान वाकडी केली आणि विचारलं, "आता सरळ दिसतेस. सात आठे किती?" मुक्ता म्हणाली चोपन्न. मी डोळे मिटले. बाई म्हणाल्या, "जवळ आलीस. कसं काढलंस, सांग." आणि थांबल्या. खरोखर थांबल्या. मुक्ताने सात साते एकोणपन्नास, त्यात सात मिळवायला सुरुवात केली, बोटं मोडली, चुकली, परत मोजली. तेवढा वेळ फक्त पंखा कुरकुरत राहिला. "छप्पन्न," मुक्ता म्हणाली.

अप्पांनी नळी पुसली, रुमालात गुंडाळली, गाठ मारली आणि खिशात टाकली.

मग त्यांनी एक गोष्ट विचारली. मी दिवसभर कॉलेजात, तेव्हा मुक्ताजवळ आमच्या अक्का बसणार होत्या. "मागं एक मोठी बाई बसली तर चालंल का?" बाई म्हणाल्या, "चालेल. पण माझ्या वर्गात जो बसतो त्याला मी प्रश्न विचारते." आम्ही सगळे हसलो. अक्का चहा घेऊन आल्या होत्या, त्याही हसल्या. अप्पा तेवढे हसले नाहीत.

त्या दिवशी त्यांना एसटीला सोडायला गेले तेव्हा मी विचारलं, कच्च्या लेकराचाच प्रश्न कशाला? ते गाड्यांच्या पाट्या बघत म्हणाले, "तुमच्या अक्काच्या नववीत मास्तर म्हणले, पोरगी गणितात कच्ची हाय, दहावीला बसवून काय फायदा. चांगला माणूस होता. मी ऐकलं. स्थळ आलं, देऊन टाकली." मग लातूरची गाडी लागली. चढताना ते एवढंच म्हणाले, "तेवढं एक पोतं मी न बघता उचललं, बाई."

मुक्ताचं छान चाललं, हे आईने सांगू नये. पण तक्ता माझ्याकडे आहे, त्यामुळे सांगते. पहिल्या सहामाहीत भागाकार आला. दुसऱ्या सहामाहीत ती संध्याकाळच्या अर्ध्या तासातून बाहेर पडली आणि तिथल्या एका मुलाला फोनवरून पाढे शिकवायला लागली. दीड वर्षाने ती चालायला लागली. आता सहावीत आहे, घराजवळच्या शाळेत पायी जाते आणि अजिबात मागच्या बाकावर बसत नाही.

पण मधल्या काळात त्या बाईंनी आपला शब्द पाळला होता. दुसऱ्याच महिन्यात एका दुपारी वर्गात कुणालाच उत्तर येईना, तेव्हा त्यांनी विचारलं, "मागे बसलेल्या काकू, पाऊण आणि निम्मे किती?" अक्का भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सव्वा." मुक्ताने टाळ्या वाजवल्या. लहानपणी बापाच्या आडतीवर बसून त्या शेर, अच्छेर, पावशेराचे हिशेब तोंडी करत असत, हे मला वीस वर्षं एका घरात राहून ठाऊक नव्हतं. बाईंनी विचारलं, "किती शिकलात?" "नववी." "मग पुढं?" अक्कांनी त्या दिवशी भाजी दोनदा निवडली.

बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म मीच आणला. अक्का म्हणाल्या, "लोक काय म्हणतील, सेहेचाळीस वर्षांची बाई दहावीला." मी म्हटलं, लोकांचा रकाना तक्त्यात नाही. धडे मी समजावले, उजळणी घ्यायला मुक्ता बसली. ती फार कडक आहे. "कसं काढलंत, सांगा," असं म्हणून ती थांबते. अगदी त्या बाईंसारखी.

यंदा गणिताच्या पेपराला अप्पा लातूरहून आले. गुडघे दुखतात, डोळ्यांत मोतीबिंदू, मुलगा नको म्हणत होता. केंद्राच्या फाटकाबाहेर पालकांची गर्दी होती. पाण्याच्या बाटल्या, मोबाइल, शेवटच्या सूचना. साडी नेसलेली एकच परीक्षार्थी आत गेली. शेजारच्या एका गृहस्थांनी अप्पांना विचारलं, "नात का, काका?"

"न्हाई. लेक."

गृहस्थ जरा चपापले. अप्पांनी ते बघितलं असावं, कारण ते गर्दीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुन्हा म्हणाले, "थोरली हाय. माझी लेक."

पेपर संपेपर्यंत ते बसले नाहीत. मी खुर्ची आणली, ती मलाच वापरावी लागली. घंटा झाली, मुलं बाहेर पडली, सगळ्यात शेवटी अक्का आल्या. घामाने चेहरा ओला, बोटाला शाई. अप्पा पुढे झाले आणि तेव्हा मला दिसलं, इतका वेळ नळी त्यांच्या मुठीत होती.

"कसा गेला, पोरी?"

"दोन सुटले, अप्पा. एक चुकला असंल. बाकी आले."

खडा किती आणि माल किती, हे न विचारता सांगणारी लेक त्यांनी आपादमस्तक बघून घेतली. मग रुमाल काढला, नळी पुसली, गुंडाळली. निकाल लागायला अजून वेळ होता. अप्पांचा लागला होता. गाठ मात्र या वेळी काही बसेना. अक्कांनी प्रश्नपत्रिका माझ्या हातात दिली, त्यांच्याकडून रुमाल घेतला आणि गाठ बांधून त्यांच्या खिशात टाकला.