पैलं गाणं भिंतीला

उजवा पंजा हवेत, डोळे अर्धे मिटलेले आणि तोंडात ठरलेलं वाक्य : "पैलं गाणं भिंतीला, दुसरं कुत्र्याला, तिसऱ्याला माणूस भाईर येतंय." बसवकल्याणच्या कुठल्याही गल्लीतून वरात निघायची असली की आमचे बँडमास्तर आपल्या पोरांना हे ऐकवायचे. पोरं कसली, निम्म्यांचे केस पांढरे! पहिल्या गाण्याला कोणी ढुंकून बघत नाही, म्हणून घाबरून जोरात फुंकत सुटू नका, एवढाच त्याचा अर्थ. लोकांना सबुरी शिकवणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या स्वतःच्या सबुरीचं काय असतं, तेही पाहिलं असेल.

माझं बस स्टँडाजवळ फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, बारसं, श्रद्धांजली, सगळं छापते. अलीकडे फेसबुक-इन्स्टावर लोकांच्या जाहिरातीही लावून देते. मास्तर एक दिवस गणवेशाची टोपी मांडीवर घेऊन समोर बसले. डीजेनं त्यांचा धंदा खाल्ला होता. त्यांचा क्लॅरोनेटवाला, तरुणपणापासूनचा सोबती, सांगून मोकळा झाला होता : तुळशीच्या लग्नापर्यंत सुपाऱ्या आल्या नाहीत तर मी पुण्याला वॉचमन म्हणून जातो. सुपारी म्हणजे लग्नाचं ठरलेलं काम.

"क्लॅरोनेट गेलं तर ऱ्हायलं काय, अक्का? ढोल. ढोल तर पोळ्याला बैलाम्होरं बी वाजतंय."

दुकानासमोरच त्यांचा व्हिडिओ काढला आणि जाहिरात लावली. रोजचा खर्च दोघांच्या चहा-भज्याइतका. त्याहून जास्त त्यांना झेपणारा नव्हता. मी बजावून सांगितलं, "मास्तर, एवढ्याशा पैशात पहिले काही दिवस आकडे वेड्यासारखे वरखाली होतात. हे दाखवायचं कुणाला, ते फेसबुक अजून चाचपत असतं. मधेच काही बदललं की त्याचं चाचपणं पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा हात लावायचा नाही."

"न्हाई लावत," मास्तर म्हणाले. देवाशपथ म्हणाले.

पहिल्या दिवशी फोन खणखणत राहिला, तर मास्तर पेढे घेऊन हजर. दुसऱ्या दिवशी चिटपाखरू नाही, तर तोंड एवढंसं. "फोटू बदल." बदलला. "भालकीकडं दाखव." दाखवलं. "दिवसा कोण मोबाइल बगतंय? आता बंद कर, सांजच्याला चालू कर." मी कपाळाला हात लावला. गिऱ्हाईक म्हणजे देव, आणि देवाला कोण समजावणार?

मग एका सकाळी मास्तर तणतणत आले. "मी सुपारी मागायलोय, अन् फोन कुणाचे यायलेत? वाजंत्र्यांचे! उमरग्याचा एक क्लॅरोनेटवाला इचारतोय, मास्तर, जागा हाय का. आळंदचा ट्रंपेटवाला इचारतोय. कामून असं व्हायलंय?"

मला काही उलगडेना. शेवटी विचारलं, "ही जाहिरात आधी कुणी कुणी लाइक दाबली?"

मास्तर छाती काढून म्हणाले, "सगळ्यांनी! म्या सांगितलो होतो. बोहणी नको?"

आता ही यांची रीत ऐका. हंगामाची पहिली सुपारी बँडवाले बाहेरच्याची घेत नाहीत. घरातलाच कोणी नारळ आणि विडा देतो, त्याच्या दारात दोन गाणी वाजतात, मग बाहेरची कामं येतात. मास्तरांनी जाहिरातीचीही तशीच बोहणी केली होती. सगळ्या वाजंत्र्यांनी, त्यांच्या निर्णा गावच्या सासुरवाडीनं, खटकचिंचोळीच्या साडूंनी, साडूंच्या बँडनं ती दाबली होती, वर प्रत्येकानं 'मास्तर एक नंबर' असं लिहिलं होतं. फेसबुकानं बिचाऱ्यानं ठरवलं, ही चीज वाजंत्र्यांना आवडते, त्यांनाच दाखवू या.

हे सांगितल्यावर मास्तर आधी ओशाळले, मग खोकला येईस्तोवर हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "बंद कर. माझ्या नशिबातच न्हाई."

माझं टाळकं सरकलं. मी त्यांच्यासारखाच पंजा वर केला. "मास्तर, पैलं गाणं कुणाला?"

त्यांनी माझ्या पंजाकडे बघितलं. मग पुटपुटले, "भिंतीला."

"मग? भिंतीनं टाळ्या वाजवल्या नाहीत म्हणून वरात सोडून जाता का?"

त्या दिवसापासून ते रोज यायचे, पण खुर्ची फिरवून, कॉम्प्युटरला पाठ करून बसायचे. "मी बगत न्हाई. तू बी सांगू नको." आणि पायानं जमिनीवर ठेका धरायचे.

जाहिरात रुळली, पण तिच्या वेळेनं. भालकीहून विचारणा आली, मग हुमनाबादहून, आणि औरादकडची पहिली सुपारी पक्की झाली तोवर तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं. क्लॅरोनेटवाला सुपारी पक्की व्हायच्या आदल्या दिवशीच पुण्याच्या गाडीत बसला होता. मास्तर त्याला स्टँडवर सोडून माझ्याकडे आले आणि नेहमीसारखे पाठमोरे बसले. त्या दिवशी पाय हलत नव्हता. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. सारखी फोटो बदलाबदली झाली नसती तर सुपारी आधी आली असती का? कोण जाणे. 

जाताना दारात थांबून एवढंच म्हणाले, "अक्का, उमरग्याच्या त्या गड्याचा नंबर माझ्या फोनात हाय का बग."

होता. त्या चुकलेल्या बोहणीनं आणलेला गडी औरादच्या वरातीत वाजवायला उभा राहिला, आणि बँड टिकला. डीजेच्या बरोबरीनं नाही, पण टिकला.

मास्तर पुढच्या वर्षी गेले, ऐन लग्नसराईत. विमानात, म्हणजे आमच्याकडच्या फुलांनी सजवलेल्या बसत्या तिरडीत, बसवून त्यांची अंत्ययात्रा काढली. डोक्यावर गणवेशाची टोपी होती. पुण्याला गेलेला क्लॅरोनेटवाला रात्रभर प्रवास करून आला होता. उमरग्याच्या गड्यानं सरकून त्याला जागा करून दिली. तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. तो आता ढोलवाल्याच्या खिशात होता. "व्हय, बँड हाय," ढोलवाला दबक्या आवाजात म्हणाला, "उद्या करा."

जाहिरात चालूच होती. मी हात लावला नव्हता.

दोन्ही क्लॅरोनेट वर झाली. कोणीतरी सवयीनं पंजा उचलला, पण वाक्य कोणाच्याच तोंडून निघेना. तसंच पहिलं गाणं सुरू झालं. गल्लीतली सगळी माणसं आधीपासूनच दारात उभी होती.