सोनगीर मागे राहिलं

झुंबरबाईचं माहेर सोनगीरचं आणि सासर चोपड्याजवळच्या एका खेड्यातलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. झुंबरबाईला मात्र कितीतरी वर्षं ते जमलं नव्हतं. कधी सासू आजारी, कधी घरात मुलाचं लग्न, मग नवरा पुना याचा पाय मोडलेला. गल्लीतल्या लेकी आल्या की ती दारातून त्यांचे झोके बघायची आणि आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासायची.

१९८८ साली तिच्या आईने, ताईबाईने, ओळखीच्या माणसाजवळ निरोप धाडला, "औंदा ये वं माय. आते मनं काही खरं नही."

झुंबरबाई तयारीला लागली. सांजोऱ्यांसाठी गहू काढायला तिने वाकून पोतं ओढलं आणि कमरेतून अशी कळ गेली की ती तिथेच बसली. पाठ दगडासारखी घट्ट झाली. कूस बदलली तरी ओरडायची.

पुनाने तिला गाडीत निजवून चोपड्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पाठ दाबून पाहिली. पायाला मुंग्या येतात का, लघवीला त्रास होतो का, ते विचारलं. तसं काही नव्हतं.

"स्नायू आखडलाय," ते म्हणाले. "ही गोळी त्याला सैल करील. रात्री जेवल्यावर एकच, पाच रात्री. पुढे मला दाखवल्याशिवाय घ्यायची नाही. हिने गुंगी येते, अक्का. तोवर विहिरीवर जायचं नाही, चुलीजवळ एकटीने बसायचं नाही, प्रवास तर नकोच. दुसरं काही औषध चालू आहे?"

"नही," झुंबरबाई म्हणाली. अंगाला खाज सुटते म्हणून दुकानातून आणलेली बारीक गोळी ती रोज घ्यायची. पण ती काही तिला औषध वाटत नव्हती.

"आखाजीले माले सोनगीर जानं शे."

"पाठ शेका. कळ कमी झाली की घरातल्या घरात चाला. माहेरी आठवड्याने जा."

आठवड्याने आखाजी कुठून असणार?

आखाजीच्या सकाळी कळ पुष्कळ उतरली होती, पण वाकलं की धरत होती. पुना मळ्यात गेला. बसच्या धक्क्यांनी पाठ पुन्हा धरू नये म्हणून झुंबरबाईने रात्रीची गोळी झालेली असताना सकाळी आणखी एक घेतली. खाजेची गोळी रोजच्यासारखी घेतलीच. शेजारच्या सुंदरबाईने तिला हात धरून शिरपूरवरून धुळ्याला जाणाऱ्या बसमध्ये बसवून दिलं.

शिरपूर गेलं. तापीचा पूल आला तेव्हा तिने खिडकीतून पाणी पाहिलं. आता आलंच, असं म्हणून तिने जरा डोळे मिटले.

कंडक्टर रुपचंद याने "सोनगीर, सोनगीर" अशी आरोळी दिली. सणाची गर्दी खच्चून होती. बायका पोराबाळांसह उतरल्या, त्यातच सोनगीरचं तिकीट काढलेली झुंबरबाईही उतरली असेल असं त्याला वाटलं. धुळ्याच्या स्टँडवर बस रिकामी झाली तेव्हा खिडकीला डोकं टेकून ती एकटीच बसलेली होती. त्याने हाका मारल्या, खांदा हलवला. तिची जीभ जड झाली होती, पाय उभे राहीनात. रुपचंदने रिक्षा केली आणि तिला दवाखान्यात पोहोचवलं. शुद्धीत आणता आणता त्याला तिच्याकडून आईचं नाव तेवढं कळलं.

दुपार कलल्यावर तिला नीट जाग आली. समोर पांढरी भिंत होती.

"सोनगीर उनं का?"

"हे धुळे आहे, अक्का," डॉक्टरबाई म्हणाल्या.

झुंबरबाईने भिंतीकडे तोंड केलं. माहेर झोपेतच निघून गेलं होतं.

डॉक्टरबाईंनी तिला रडू दिलं. मग तिच्या पिशवीतल्या दोन्ही गोळ्या समोर धरल्या. "दोन्हींनी गुंगी येते. त्यातून पाठीची तुम्ही जास्तीची घेतली. फार घेतली असती तर श्वासही मंदावला असता. डॉक्टरने विचारलं की खाजेची, सर्दीची, झोपेची, सगळी नावं सांगायची. आज रात्र इथेच राहा."

परतीच्या फेरीत रुपचंदने सोनगीरला उतरून ताईबाईचं घर विचारलं. दिवे लागायच्या आत म्हातारी वॉर्डात हजर. पदरात सांजोऱ्या बांधलेल्या. लेकीच्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "रातले मना पायले बी गोये येतस. ती गोयी माले दे ना एक."

"नही माय. ती मना नावनी शे. तू पडशी."

झुंबरबाईने डॉक्टरबाईंना हाक मारली. त्यांनी म्हातारीच्या पोटऱ्या पाहिल्या, रक्तदाब पाहिला. या वयात ही गोळी नकोच म्हणाल्या. झोपण्याआधी पाय कसे ताणायचे ते करून दाखवलं आणि पाणी भरपूर प्यायला सांगितलं. पाय ताणताना म्हातारी हसली, लेकही हसली. मग ताईबाईने हळू आवाजात झोक्याचं गाणं धरलं. शेजारच्या खाटेवरची एक बाई कुशीवर वळून ऐकत राहिली. शेवटची गाडी चुकेल म्हणून गाणं मध्येच सोडून म्हातारी उठली. झुंबरबाईला दारापर्यंतही जाता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी निरोप मिळाल्यावर पुना आला आणि तिला घेऊन गेला. चालून, शेकून पाठ महिन्याभरात मोकळी झाली. लावणीचे दिवस आले, सोनगीरला जाणं पुढे पुढे ढकललं गेलं. पौषात ताईबाई गेली.

त्यानंतरही झुंबरबाईची पाठ एकदा धरली होती. तेव्हा ती घरातली गोळीन् गोळी पिशवीत भरून चोपड्याला गेली आणि टेबलावर ओतली. दिलेल्या गोळ्या संपेपर्यंत तिने उंबरा ओलांडला नाही.

पण आखाजीला गल्लीत झोके बांधले गेले की तिचं मन त्या बसमध्ये जाऊन बसायचं. सोनगीरला गाडी थांबली तेव्हा माय फाट्यावर उभी होती का? खिडकीला टेकलेलं आपलं डोकं तिला दिसलं का? दवाखान्यात एवढा वेळ ती जवळ बसली होती, पण ते विचारायचं राहूनच गेलं.