इंदूचा सरकारी पाय

आमची इंदू कधी चालली नाही, ती धावायची. लग्न होऊन आली तेव्हा गावच्या वेशीपासून घरापर्यंत बाकीचे वऱ्हाडी मागे आणि नवरी पुढे. मी थोरली जाऊ, ओवाळायला ताट घेऊन उंबऱ्यात उभी. माझं निरांजन पेटायच्या आत ही दारात हजर. पदर सावरत म्हणते कशी, "बाय, तान लागलीय गं. आदी पानी दे, मंग ओवाळ." मागून मामंजी आले, म्हणजे आमचे सासरे. त्यांनी ते ऐकलं आणि मिशीत हसले. हसायचा माणूस नव्हता तो.

आमचं गाव कुंभिवलीच्या आतल्या बाजूला, भातशेतीचं. इंदू कशेळ्याच्या पलीकडची, डोंगराच्या पायथ्याची. लावणीला उभी राहिली की आमची ओळ अर्धी व्हायच्या आत तिची पुरी. पलीकडच्या बांधावर पोचून कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि आम्हाला हाका मारायची, "या गं म्हाताऱ्यांनो, सावकाश या, आज मुक्काम हितंच हाय ना?" मी तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, तरी म्हातारी. रागही यायचा नाही, असं तिचं तोंड होतं.

दुसरं बाळंतपण झालं आणि ती लंगडायला लागली. आधी कोणी मनावर घेतलं नाही. बाळंतिणीला वारा लागला असेल म्हणून तेल लावलं, शेक दिला. मग एका हाडवैद्याने मांडीला डाग दिला. दोन वर्षं अशी गेली. उजवा पाय टेकताना तिचा ओठ दाताखाली जायचा, हे मी बघत होते. आणि बघूनसुद्धा एकदा भर शेतात बोलून गेले, "लावणी आली की बरा गं तुझा पाय दुखतो!" ती तशीच खाली वाकली आणि ओळ पुरी केली. त्या दिवशी तिची ओळ सगळ्यांच्या शेवटी पुरी झाली.

धाकटे भावजी, म्हणजे इंदूचा नवरा, मोहोपाड्याला कारखान्यात कामाला होते. कामगारांच्या विम्याच्या दवाखान्यातून तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. सोबत भावजी आणि मी. डॉक्टर तरुण होते, मराठी होते. त्यांनी हाडांचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. इंदू मान वर करून बघत राहिली. म्हणाली, "आमच्यात मान्सं गेल्यावर हाडं दिसतात. मी जितीच बगितली."

डॉक्टरांनी वय विचारलं. पंचवीस, असं भावजींनी सांगितलं. डॉक्टरांनी कागद बघितला, इंदूकडे बघितलं, पुन्हा कागद बघितला. म्हणाले, "खुब्याच्या सांध्यात जो गोळा असतो, त्याला रक्त मिळेनासं झालंय. तो वाळून चुरा झालाय. आता तो काढून धातूचा बसवायचा. हे ऑपरेशन आम्ही साठीच्या पुढच्या माणसांचं करतो."

मला आधी कळलंच नाही. काढून म्हणजे काय? दात काढतात तसा? भावजी भिंतीला टेकले. माणसाच्या अंगातलं हाड कापायचं आणि त्या जागी लोखंड ठोकायचं, हे मी तोवर ऐकलंसुद्धा नव्हतं, आणि ते आमच्या इंदूचं! जिच्या मागे धावताना माझा पदर सुटायचा, तिचं!

इंदूने विचारलं, "किती दिस टिकंल साहेब?"

"दहा वर्षं. सांभाळलंत तर पंधरा. मग पुन्हा उघडावं लागेल."

"म्हंजे मी चाळिशीत आले की परत. बरं. आनि नाय केलं तर?"

"तर वर्षभरात अंथरूण धराल."

"मंग करा," ती म्हणाली. बाजारात कोथिंबिरीची जुडी पसंत करावी तशी म्हणाली.

मग डॉक्टरांनी आम्हाला दोघांना, मला आणि भावजींना, समोर बसवून बजावलं. जमिनीवर बसायचं नाही. मांडी घालायची नाही. उकिडवं बसायचं नाही. पाटावर नाही. कमरेत खाली वाकायचं तर मुळीच नाही. "गुडघा छातीकडे आला की सांधा निसटेल. तुम्ही दोघं घरातली माणसं, तुमच्या लक्षात राहू दे. पेशंट विसरतो." आम्ही माना हलवल्या.

इंदू खाटेवरून म्हणाली, "साहेब, मंग मी ऱ्हायचं कुटं? आमच्या घरात सगळं भुईवरच हाय."

डॉक्टर हसले, पण खोटं नव्हतं ते. चूल भुईवर, विळी भुईवर, जेवण भुईवर, निजणं भुईवर, आणि परसाकडे जायचं ते ओढ्याच्या काठी. देवाला आणि थोरांना नमस्कार, तोही भुईवर. माणूस दिवसातून किती वेळा खाली बसतो ते मी तोवर कधी मोजलं नव्हतं.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सने तिच्या बांगड्या आणि मंगळसूत्र काढायला सांगितलं. बांगड्या तिने काढल्या. मंगळसूत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "पिशवीत ठेवू नको, गळ्यात घाल तुज्या. कोनाच्या तरी गळ्यात असू दे." त्या दिवशी दोन मंगळसूत्रं घालून मी बाकावर बसले होते. येणाऱ्याजाणाऱ्या बायका बघायच्या. मला कशाचीच लाज वाटली नाही.

ती घरी आली, कुबड्या घेऊन. भावजींनी सुताराकडून तिच्यासाठी एक उंच स्टूल करून घेतलं, ते स्वयंपाकघरात. भोक पाडलेली खुर्ची परसात, झावळ्यांच्या चार झापांच्या आडोशाला. चुलीसाठी कमरेएवढा मातीचा ओटा मी माझ्या हातांनी घातला. गावातल्या बाया बघायला यायच्या, "उभ्यानं रांदतेस गं? हाटेल काडलंस काय?" इंदू म्हणायची, "व्हय तर. डावा पाय म्हायेरचा, उजवा सरकारचा. सरकारी पाय हाय, त्याला वाकायची सवय नाय." तीन महिन्यांनी कुबड्या सुटल्या आणि ती सरळ चालायला लागली. लंगडणं पार गेलं. मी तिच्या मागून चालत मुद्दाम बघायची. एकदा मला रडू आलं तर म्हणाली, "रडतेस काय? आता पुन्ना धावनार नाय मी, म्हातारे, तुजाच फायदा."

फक्त ओटीवर ती बसायची नाही. ओटीवर एकच खुर्ची, मामंजींची. सासऱ्यासमोर सून वर बसणार कशी? आणि खाली बसायचं नाही. म्हणून ओटीवर ती उभीच असायची. हे कोणी ठरवलं नव्हतं. आम्हाला कोणाला त्यात काही वाटलंही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या नणंदेची, कमळची बोलणी ठरली. मुलाकडचे सात-आठजण आले. मी पहाटेच ओटी सारवली होती. मामंजी पाहुण्यांबरोबर घोंगडीवर, भावजी त्यांच्या शेजारी. मुलाचा चुलता घरातला थोर, जुन्या वळणाचा. मी पाण्याचे तांबे दिले, वाकून सगळ्यांच्या पाया पडले आणि मागे येऊन उंबऱ्याशी उभी राहिले. मग इंदू चहा घेऊन गेली. कपबशा दिल्या आणि उभी राहिली.

चुलत्यांनी तिच्याकडे बघितलं. "ही धाकली सून काय? पाया पडायची रीत नाय वाटतं तुमच्यात."

हसत बोलले, पण ओटी गप्प झाली. आत कमळ दाराआड उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मामंजींची मान खाली गेली. कोणी तरी एक वाक्य बोलायला हवं होतं, की हिचं ऑपरेशन झालंय, हिला वाकता येत नाही. एवढंच. पण लग्नाच्या बोलणीत घरातलं दुखणं कोण काढतो? यांच्या घरात हाडांचं काही आहे, असं म्हणून उठून गेले तर?

इंदू तबक ठेवायला उंबऱ्याशी आली. माझ्याकडे बघितलं. आणि मी, डॉक्टरांसमोर मान हलवून आलेली मी, तिच्या कानात म्हणाले, "एकदाच. हळूच वाक."

ती गेली. पदर डोक्यावर घेतला आणि वाकली.

बाटलीचं बूच ओढावं तसा आवाज झाला. मी उंबऱ्यात होते, मला ऐकू आला. ती एका कुशीवर पडली. पाय आखूड झालेला, पाऊल आत वळलेलं. माणसाचं पाऊल तसं वळलेलं मी कधी बघितलं नव्हतं, देव करो आणि पुन्हा बघायला न लागो. तिने एक किंकाळी मारली. एकच. मग दात आवळले, पाहुण्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "सारवन वलं व्हतं. पाय घसरला. बसा तुमी, चा निवंल."

चा निवंल! भावजी धावले, खाट आणली, कोणी रस्त्यावर जाऊन टेंपो थांबवला. टेंपोत चढवतानाही ती मला सांगत होती, "बाय, तू नको येऊ. पावन्यांचं जेवान बग." इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही हेच सांगितलं, सारवण ओलं होतं. भूल देऊन सांधा बसवला, दीड महिना प्लास्टर. पुन्हा निसटला तर पुन्हा उघडावा लागेल, म्हणाले. कमळचं लग्न ठरलं. मुलाकडच्यांनी वर आणि निरोप धाडला, तुमची धाकटी सून मोठ्या काळजाची.

ती परत आली त्या दिवशी मामंजी उठले. आपली खुर्ची स्वतः उचलून आणली आणि ओटीच्या मधोमध ठेवली. म्हणाले, "बस गं पोरी."

"मामा, तुमी खाली नि मी वर?"

"माजे खुबे आजून घरचेच हायत. बस म्हनतो ना!"

ती बसली. मामंजी तिच्या पायांशी घोंगडीवर बसले आणि त्यांनी पानतंबाखूची चंची उघडली. मरेपर्यंत ते मग कधी त्या खुर्चीवर बसले नाहीत. गाव काही दिवस बोललं, मग तेही दमलं.

इंदूने लावणी पुन्हा केली नाही. बांधावर उभी राहून आमच्याकडून करून घ्यायची, "हात चालवा गं, रोपांचं आवान सुकलं, का मीच उतरू?" अपराधी वाटून मी तिची कामं हातातून काढून घ्यायला लागले की कळशी ओढून घ्यायची, "सोड. मी आजून मेली नाय." पण त्या दिवसाबद्दल ती माझ्याशी कधी बोलली नाही. टोमणा नाही, नजर नाही. मीच कितीदा सुरुवात करायची, "इंदे, त्या दिवशी गं..." आणि ती लगेच, "दूद उतू चाललंय बग."

तिचा तो सांधा पुन्हा उघडायची पाळी आलीच नाही. दहा वर्षंही पुरी झाली नव्हती, कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत इंदू गेली. पस्तिशीही गाठली नाही. पाय चांगला होता, आणि बाई गेली.

तिसऱ्या दिवशी पुरुषमाणसं पाताळगंगेवर सावडायला गेली. भावजी एकटेच आधी परत आले आणि मागच्या दाराने परसात आले. हातात ओल्या फडक्यात काहीतरी होतं. त्यांनी ते उघडलं. वीतभर लांबीचा धातूचा दांडा, आणि त्याच्या टोकाला बोराएवढा गोळा. इंदूचं सगळं जळून गेलं होतं, आणि हे होतं तसंच. राख पुसली तर चकाकत होतं.

"वैनी, ह्याचं काय करायचं? अस्तीत ठेवायचं का नाय, कोनी सांगत नाय."

मी त्याच्याकडे बघत राहिले. एवढंसं होतं ते. ते जागेवरून हललं होतं माझ्या एका शब्दाने. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "भावजी, ती घसरली नव्हती."

त्यांनी मान वर केली.

"सारवण केव्हाच वाळलं होतं. मी तिच्या कानात सांगितलं, एकदाच हळूच वाक म्हणून. मी वाकायला लावलं तिला."

ते शिव्या देतील, निघून जातील, असं वाटलं. द्यायला हव्या होत्या. पण ते दगडावर बसले आणि फडकं मांडीवर ठेवलं.

"तुमी कानात सांगितलंत, ते मला म्हाईत नव्हतं," ते म्हणाले. "चुलता बोलला तवा तिनं माज्याकडं बगितलं व्हतं. मी डोळ्यानं खुनावलं. वाक म्हनून."

इतकी वर्षं एका घरात, एका चुलीवर, आणि तिने त्यांचं मला सांगितलं नाही, माझं त्यांना सांगितलं नाही. डॉक्टरांचं बोलणं आपल्या कानांनी ऐकलेली माणसं आमच्या घरात दोनच होती. आधी तिने त्यांना विचारलं, आणि मग ती माझ्याकडे आली होती.