कच्च्या दोऱ्याचं मंगळसूत्र

माझ्या नवऱ्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते नऊवारीत. लग्न ठरण्याआधी मावशी मला त्यांचं नाटक दाखवायला घेऊन गेली होती. नायिका आली, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या आणि मावशी कानाशी म्हणाली, "हेच गं ते." मी खुळी, नायिकेच्या मागून आलेल्या तलवारवाल्या नायकाकडे बघत बसले. चूक कळली तेव्हा मला चक्क रडू आलं. पुढे बारा वर्षं ते मला यावरून चिडवायचे.

ते संगीत नाटक कंपनीत स्त्रीपार्टी होते. भूमिका अनेक केल्या, पण लोकांना हवी होती ती एकच. गावोगाव पुन्हा तीच बाई, तीच पदं आणि तोच शेवटचा प्रवेश. त्यात नवरा लढाईत पडल्याची बातमी येते आणि ती गळ्यातलं मंगळसूत्र हिसडा मारून तोडते. ते एका ओढीत तुटावं म्हणून कच्च्या दोऱ्यात ओवलेलं असे. खेळ संपला की मी झाडू घेऊन मणी गोळा करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओवायची. दर खेळाला पाचसात मणी फळ्यांच्या फटीत जायचे. तेवढे मी माझ्या दुपदरी मंगळसूत्रातून काढून घालायची. असं करत करत माझं एकपदरी झालं आणि त्या नाटकातल्या बाईच्या गळ्यातले बहुतेक मणी माझे झाले. काळा मणी तो केवढा, म्हणून मीही मनाला लावून घेतलं नाही.

लग्न झाल्यावर तो प्रवेश मात्र मी कधीच पाहिला नव्हता. आपल्याच नवऱ्याला विधवा होताना बघायचं, हे काही माझ्या डोक्यात बसत नव्हतं. त्या सुमाराला मी रंगपटात जाऊन लुगड्यांच्या घड्या करत बसे. बाकीच्यांकडून ऐकायची, की त्या क्षणी बायका डोळे मिटतात आणि स्वतःचं मंगळसूत्र मुठीत घट्ट धरतात. सगळ्या, एकदम.

मग त्यांना दम लागायला लागला. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं. आम्ही सोलापूरच्या भवानी पेठेत दोन खोल्या घेऊन राहिलो आणि ते मुलींना पेटी शिकवू लागले. तीन वर्षं सुखाची गेली. तेवढ्यात बोलपट आले, नाटकाला कुत्रं विचारेना, आणि एके दिवशी कंपनीचे मालक आमच्या ओट्यावर येऊन बसले. रविवारी दुपारी खास बायकांचा खेळ ठेवतो म्हणाले. त्या भूमिकेत एकदाच, शेवटचं.

मी आतून ताडकन बाहेर आले. "त्यांच्या छातीचं काय व्हायचं ते झालं, तर तुमची कंपनी येणार आहे का माझ्या दारात?" हे शांतपणे म्हणाले, "अगं, एकदाच जातो. तिला नीट निरोप दिला नव्हता मी." 'तिला' असं म्हणाले. जणू ती कुठे वाट बघत बसली होती.

त्या आठवड्यात ती आमच्या घरी राहायला आली, असंच मी म्हणेन. दुपारी मी पाणी घेऊन आले, तर मधल्या खोलीत कुणीतरी पाठमोरं बसून केस विंचरत होतं. यांचे केस तर कधीच कापलेले. फणी केस संपतात तिथून पुढे, कमरेपर्यंत, सावकाश फिरत होती. मी "कोण?" म्हटलं. "मी गं," असं उत्तर आलं, पण यांच्या आवाजात नाही. जेवताना ते खांद्यावर नसलेला पदर सारखा करायचे. माझ्याकडे बघायचे ते एक बाई दुसऱ्या बाईकडे बघते तसे, जरा वरून खालपर्यंत. मला स्वतःच्या घरात चोरट्यासारखं वाटायला लागलं. आणि नवल म्हणजे त्या आठ दिवसांत त्यांना दम लागला नाही.

रविवारी सकाळी नाटकातलं मंगळसूत्र ओवायचं म्हणून मी शेजारच्या विणकर वहिनींकडे कच्चा दोरा मागायला गेले. त्यांच्या घरात सगळे तेलुगू बोलत, पण माझ्याशी त्या सोलापुरी बोलायच्या. माझ्या गळ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचा दोरा पार झिजलाय की ओ. द्या हिकडं, दोन्ही मीच ओवते. तुमच्याला पिळाचा दोरा घालते, हत्तीनं वढला तरी न्हाय तुटायचा." तोवर गळा मोकळा नको म्हणून त्यांनी मला हळकुंड बांधलं.

ओवलेली दोन्ही एकपदरी मंगळसूत्रं त्यांनी आमच्या देवघराच्या खिळ्याला अडकवली. माझ्या वाट्या सोन्याच्या, कंपनीच्या पितळेच्या. पण मालकांनी त्यांना नवाकोरा मुलामा दिला होता आणि माझ्यावर बारा वर्षांचा घाम. बाई स्वतःचं मंगळसूत्र गळ्यातून काढून कधी बघते? टांगा दारात उभा होता. घाईत मी हळकुंड सोडलं, जास्त झळकणारं ते सोन्याचं समजून गळ्यात घातलं आणि दुसरं त्यांच्या पिशवीत टाकलं.

थिएटर बायकांनी भरलं होतं. छपराच्या फटींतून उन्हाच्या रेघा आत येत होत्या. ते गायले, आणि आवाज दहा वर्षांपूर्वीचा होता. ऑर्गनवाले वळून वळून बघत होते. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी त्यांचे श्वास मोजत राहिले. त्यांचा दम आठवून मी आज रंगपटात गेले नाही, विंगेतच उभी राहिले.

बातमी आली. त्यांनी मंगळसूत्राला हिसडा मारला. ते तुटेना. पुन्हा मारला. गळ्यावर लाल वळ उठला, तरी तुटेना. समोर शेकडो बायका डोळे मिटून, मुठी गळ्याशी धरून बसल्या होत्या. माझी मूठही आपोआप गळ्याशी गेली, आणि मुठीत धरताच माझ्या गळ्यातलं फटकन तुटलं.

मणी उतरत्या फळ्यांवरून टणटण उड्या मारत थेट रंगमंचावर गेले. त्यांच्या पायाशी थांबले. त्यांनी मणी पाहिले, मग विंगेत माझा मोकळा गळा पाहिला. त्या एका क्षणात ती बाई त्यांच्या चेहऱ्यावरून गेली आणि माझा नवरा दिसला, घाबरलेला. मग खाली बसून ते एकेक मणी वेचत शेवटचं पद गायले. प्रेक्षकांतून फक्त हुंदके ऐकू येत होते.

टांग्यात त्यांनी स्वतःच्या हातानं माझं मंगळसूत्र माझ्या गळ्यात घातलं. "तुटलं ते कंपनीचं," ते म्हणाले. "तुझं मी इतकं ओढलं, तरी तुटलं नाही. बघ." मी मान हलवली. पण तुटलेले मणी कुणाचे होते, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यांना पुन्हा दम लागायला लागला होता.

दोन महिन्यांनी ते गेले. दुपारचीच वेळ होती. त्यांच्या म्हाताऱ्या आत्याबाई माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "तोड, पोरी." मी हिसडा मारला. तुटेना. पुन्हा मारला. वहिनींचा पिळाचा दोरा मानेत रुतला, पण तुटला नाही. सवाष्णींनी हे बघू नये म्हणतात, तरी पेठेतल्या बायका दारात दाटीनं उभ्या होत्या. मी मान वर केली. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते आणि सगळ्यांच्या मुठी गळ्याशी होत्या. इतकी वर्षं यांना रंगमंचावरून समोर काय दिसत होतं, ते मी त्या दिवशी त्यांच्या जागेवरून पाहिलं.